हैदराबादचा रिकामा फेरा

बैलाची पाठ रिकामी होती आणि तुमी मला तिच्यावर बसू दिलं न्हाई. आधी हे लिहिते, बाकीचं मग. सात-आठ वर्षांची होते मी. दोन बैलांवर ज्वारी लादून आपण कळमनुरीच्या बाजाराला गेलो होतो. जाताना चालले त्याची तक्रार न्हाई. पाठीवर ओझं असलेल्या जनावराच्या बाजूनं माणसानं पायीच चालायचं, ही आपल्या घरची रीत मला तेव्हाही माहीत होती. पण येताना माल विकून झाला होता, गोण्या घडी करून ठेवल्या होत्या आणि माझ्या टाचेत बाभळीचा काटा मोडला होता. मी मनात धरून चालले होते की आता बा उचलून बसवील. तुमी उचललं न्हाई. तुमी बाजाराच्या कडेच्या तेलवाल्याकडं गेलात, त्याला आपल्या वाटेवरच्या गावात पेंडीची दोन पोती पाठवायची होती, ती तुमी फुकटात अंगावर घेतली आणि बैलांवर चढवली. मी रडायला लागले तर म्हणालात, "तुला पाय आहेत. पेंडीला न्हाईत." एवढंच. साठ वर्षांच्या वर झाली त्याला. टाच अजून थंडीत ठणकते.

आता पुढचं. तुमची थोरली लेक लिहितेय, बा. कसे आहात असं विचारत न्हाई. मेलेल्या माणसाला तब्येत काय विचारायची. मराठीत लिहितेय, कारण आपली बंजाऱ्यांची गोरबोली लिहायला मला कुणी शिकवली न्हाई. तुमी दुसरीपर्यंत शाळेत ठेवलं, गुरुजींनी जी अक्षरं दिली तीच हाताशी आहेत. घरात तुमाला तू म्हणायचे, पण कागदावर तसं लिहायला हात धजत न्हाई, म्हणून तुमी. लिहायचं कारण असं की तुमची धाकटी लेक हैदराबादला दवाखान्यात पडली आहे. काल, सोमवारी सकाळी, तिच्या सुनेचा फोन आला. उजवं अंग गेलं, जीभ जड झाली, डॉक्टर म्हणतात ज्यांना भेटायचंय त्यांनी भेटून घ्या. मला जायचंय. तिला ऐकू येतंय तोवर तिच्याशी एक गोष्ट बोलायची आहे. आणि आज मंगळवारची दुपार झाली तरी मी तांड्यावरच आहे, कारण कशानं जायचं यावरून माझ्या लेकाचं आणि त्याच्या लेकीचं जुंपलंय आणि दोघांच्या मधे मला बसवलंय.

लेक तुमाला आठवत असेल, रांगायचा तेव्हा तुमी गेलात. तो आता बंगळूरला मोठ्या कंपनीत आहे. काम काय करतो ते त्यानं मला तीनदा सांगितलं, मला कळलं ते एवढंच की सोमवारी एका शहरात असतो आणि बुधवारी दुसऱ्या. जाणं-येणं विमानानं, आपल्याकडं माणूस जीपमधे बसून सेनगावला जातो तसं. आता एवढं उडलं की ती विमानवाली कंपनी त्याच्यावर खूश होते आणि त्याला पॉइंट देते. पॉइंट साठले की तिकीट फुकट. आणि वर्षात ठरलेले फेरे पुरे केले की सोनेरी कार्ड. सोनेरी कार्डवाल्याला रांग न्हाई. त्याची पेटी सगळ्यांच्या आधी येते, तो सगळ्यांच्या आधी चढतो, आणि विमान सुटेस्तोवर बसायला त्याला वेगळी खोली, तिथं पाहिजे तेवढं खा, पाहिजे तेवढं प्या. फेरे कमी भरले तर कार्डाचं सोनं जाऊन चांदी होते आणि परत रांगेत उभं राहावं लागतं. म्हणून मार्च जवळ आला की तुमचा हा नातू परीक्षेतल्या पोरासारखा करतो.

घरी येतो तेव्हा माझ्यासाठी आणतो ते सगळं विमानातलं. बोटाएवढे साबण, जॅमच्या इवल्याशा डब्या, पातळ मोजे, डोळ्यांवर बांधायची काळी पट्टी. मोजे मी कापूस वेचताना हातात घालते, बोंडाची टोकं लागत न्हाईत. पट्टी एकदा दुपारी बांधून पडले तर शेजारणीनं मला गेलेली समजून तांडा गोळा केला. पेटीला बांधतात तो लाल पट्टा होता, तो मी शेळीच्या गळ्यात बांधला. ती तशीपण सगळ्यांच्या आधी आत घुसते. हे मात्र लेकाला लागलं. "याडी, त्या पट्ट्यासाठी मी वर्षातले निम्मे दिवस घराबाहेर काढतो," म्हणाला. मी आपल्या आईला याडी म्हणायचे, तसा तो मला म्हणतो. मी पट्टा सोडून घेतला, धुतला, आणि खुंटीला अडकवला. अजून तिथंच आहे.

त्याची लेक बावीस वर्षांची. तुमी तिला पाहिलं न्हाई. पुण्याला शिकते, हवेचं आणि पाण्याचं काहीतरी. दोन वर्षांपासून तिनं विमान सोडलंय, एखादी बाई मटण सोडते तसं. बापाच्या पॉइंटवर सगळे परदेश फिरायला गेले तेव्हा ही माझ्याकडं आली. हिंगोलीपर्यंत रेल्वेनं, तिथून एसटीनं, आणि फाट्यापासून पायी, केसांत बोटभर धूळ. बारा दिवस राहिली. बाप विमानानं येतो तो दीड दिवस राहतो, त्यातला निम्मा वेळ फोनवर. ती मला सांगते, दादी, विमान वर जाताना जो धूर सोडतं तो कुठं जात न्हाई, आपल्याच डोक्यावर थर देऊन बसतो, म्हणून पाऊस असा खुळ्यासारखा करून राहिला. यंदा काढणीला आलेल्या सोयाबीनला शेंगेतच कोंब फुटले, त्याच्यातपण तिला बापाचं विमान दिसलं. मी म्हणलं, धूर माझ्या चुलीचापण पन्नास वर्षं होता, डोळे गेले माझे, तेव्हा कुणी मोजायला आलं न्हाई. तर म्हणाली, "दादी, तुझा धूर भाकरीसाठी होता."

होळीला दोघं एकाच वेळी तांड्यावर आले, आणि जेवतानाच पेटलं. पोरगी म्हणाली, तुमची निम्मी कामं फोनवर होण्यासारखी असतात, तुमी कामासाठी उडत न्हाई, कार्डासाठी उडता. बाप आधी हसला. मग हसणं थांबलं. तिच्याकडं न बघता, माझ्या ताटाकडं बघत म्हणाला, "याडी, हिला रांगेत उभं राहायची हौस आहे. हिला रांगेतून कधी कुणी हाकललं न्हाई." तो कशाबद्दल बोलत होता ते मला माहीत होतं. वसतिगृहात असताना जेवणाच्या रांगेत तांड्यावरच्या पोरांना शेवटी उभं करायचे, आणि शेवटी येईस्तोवर भाजी संपायची. हे त्यानं मला चाळिशी उलटल्यावर सांगितलं, तेही दुसऱ्या कुणाची गोष्ट असल्यासारखं. आणि तुमच्या बापाची गोष्ट तुमीच सांगायचा. लदेणीवर असताना, म्हणजे बैलांवर मीठ लादून गावोगाव फिरताना, कुठल्याही गावाबाहेर पाल ठोकलं की आधी पाटलासमोर जाऊन हजेरी द्यायची, चोर असल्यासारखी. आता त्याच माणसाच्या पणतूला विमानतळावर साहेबासारखं आत घेतात. त्याला त्याची चटक लागली तर मी त्याला एकदम वेडा म्हणणार न्हाई. पोरगी म्हणते. तिला परवडतं.

पण पुढं जे झालं ते मला अजून गिळवत न्हाई. धुळवडीच्या दिवशी मोबाईल बघता बघता त्याचं तोंड उतरलं. महिना संपायला थोडे दिवस राहिले होते आणि त्याचे दोन फेरे कमी पडत होते. थोडा वेळ येरझाऱ्या घातल्या, आणि एकदम माझ्यापाशी येऊन बसला. म्हणाला, याडी, तुला विमानात बसवतो. नांदेडहून हैदराबाद, तुझं तिकीट पॉइंटवर फुकट. मला हैदराबाद म्हणजे माझी बहीण. दुसरं कोण आहे माझं तिथं? मी विचारलं न्हाई, त्यानं सांगितलं न्हाई. ही चूक आपल्याच घरात होऊ शकते, बा. वाट धरली म्हणजे वाटेच्या टोकाला कुणाचं तरी काहीतरी पोचवायचं असणार, हे आपण विचारत न्हाई, धरूनच चालतो. तुमच्या बैलानं जन्मात रिकामा फेरा केला न्हाई. येताना माल मिळाला न्हाई तर तुमी सरपण लादायचा, सरपण न्हाई तर याडीला चूल लिंपायला चिकणमाती. जनावराचे पाय झिजलेत तर ते कुणाच्या तरी कामी येऊ दे, म्हणायचा. एकदाच तेवढं पावसात तुमचा एक बैल रिकामा तांड्यात आला तर तुमी घरात शिरण्याआधी त्याच्यापुढं उभे राहून त्याच्या कपाळाला हात लावला होता. मी पाहिलं होतं ते.

मी बहिणीला फोन केला. म्हणलं, उद्या बाराच्या विमानानं येते. ती म्हणाली, न्यायला येते. मी म्हणलं, कशाला तकलीफ घेते, लेक आहे संगं. तर म्हणाली, "तुझा लेक तुला विमानातून उतरवील. माझ्या दारात तुला मीच आणणार." रात्रभर मी पेटी उघडत आणि लावत होते. याडीची काचा लावलेली ओढणी घेतली. ती ओढणी आमा दोघी बहिणींची होती आणि मी पन्नास वर्षांच्या वर एकटीनं दाबून ठेवली होती. म्हणलं, आता देऊन टाकू, विमानानं देऊ, म्हणजे माझा मोठेपणापण होईल. अंगावर जुनी घेराची फेटिया नेसले, वर कांचळी घातली, हातात बलियाच्या बांगड्या, गळ्यात नाण्यांची माळ. नांदेडला तपासायच्या कमानीतून गेले तर ती कमान थांबेचना, वाजतच राहिली. पोलीस बाईनं पडद्याआड नेलं. चांगली होती, लाजत होती. मी म्हणलं, बाई, सावकाश बघ, यातलं एकही चोरीचं न्हाई. अडकित्ता तेवढा काढून घेतला. तिथं लेकाचं सोनेरी कार्डपण काही बोललं न्हाई.

मग त्यानं मला चाकाच्या खुर्चीत बसवलं, कारण खुर्चीवाल्यालापण आधी नेतात. पायानं चालता येत असून मी खुर्चीत बसले. रांगेतली माणसं बाजूला होत होती, लुगड्यातल्या बाया, टाय लावलेले साहेब, सगळे, आणि मी मधून चालले होते. खोटं लिहिणार न्हाई, मला ते गोड लागलं. विमान वर उठलं तेव्हा मला हसू फुटलं, मोठ्यानं. पुढच्या सीटवरच्या बाईनं वळून पाहिलं. खाली गोदावरी दोरीएवढी दिसली. तुमच्या बापाला मीठ घेऊन जी वाट चालायला महिना जायचा ती माझ्या पायाखालून तासाभरात सरली, आणि मला वाटलं, बहिणीला सांगीन, अगं मी पाणीपण प्याले न्हाई तेवढ्यात तुझं गाव आलं.

उतरल्यावर सगळी माणसं एका बाजूला निघाली आणि लेक दुसऱ्या. मी म्हणलं, दार तिकडं आहे, माणसं तिकडं जाऊन राहिली. तो म्हणाला, आपल्याला बाहेर जायचं न्हाई, आपलं परतीचं विमान दीड तासात आहे. मला वाटलं चेष्टा करतो. मी म्हणलं, "तुझी मावशी बाहेर बसली आहे." त्याचा चेहरा पडला. पडला हे लिहिलं पाहिजे, तो दगड न्हाई. पण त्यानं घड्याळ बघितलं, आणि मग कार्डवाल्या माणसासारखा समजावायला लागला. बाहेर गेलो की परत तपासणी, परत रांग, तुझी माळ परत वाजणार, विमान चुकलं की परतीचा दुसरा फेरा धरत न्हाईत, वर्षभराचं सगळं गेलं. पुढच्या महिन्यात खास तिच्यासाठी येऊ, याडी. आज फोन करून सांग.

मी विचारलं, "मग आपण आलो काहून?"

तो म्हणाला, "यायलाच आलो."

बा, मी खाली फरशीवर फतकल मारून बसायला पाहिजे होतं. हंबरडा फोडायला पाहिजे होता. आपल्या बाया गळ्यात पडून सुरात रडतात तसा एक सूर लावला असता तर ते सगळं विमानतळ गोळा झालं असतं आणि मला बाहेर सोडावंच लागलं असतं. एवढा माझा आवाज अजून आहे. मी लावला न्हाई. खुर्ची ढकलणारा माणूस आला, मी बसले, आणि मला त्या सोनेरी खोलीत नेलं. मऊ खुर्च्या, मंद उजेड, एका बाजूला ओळीनं झाकलेली भांडी. एका पोरीनं वाकून विचारलं, मॅडम, काय घेणार. जन्मात मला कुणी वाकून विचारलं नव्हतं. शिरा होता, काजू घातलेला. लेकानं वाटी आणून दिली. मी खाल्ला. परत आलो तेव्हा ऊन अजून होतं, तांड्यावरच्या बाया ओट्यावरच होत्या, विचारायला लागल्या, हैदराबाद कसं आहे. मी म्हणलं, थंड आहे. खोलीपुरतं ते खरंच होतं.

रिकामा फेरा म्हणू तर तोसुद्धा न्हाई. पाठीवर माल होता, जिथं द्यायचा तिथंवर गेला होता, आणि तसाच परत आला. ओढणी पेटीत परत ठेवली. बहिणीला दुसऱ्या दिवशी फोन करून सांगितलं, विमान आलंच न्हाई, मधेच कुठं उतरवलं. ती म्हणाली, "फळ्यावर आलं म्हणून लिहिलं होतं. मला वाचता येत न्हाई, मी पोलिसाला वाचायला लावलं." आणि फोन ठेवला. दोन बस बदलून आली होती ती, एकटी. संध्याकाळपर्यंत एका खांबापाशी बसून होती, हे मला नंतर तिच्या सुनेकडून कळलं. होळीपासून दिवाळीपर्यंत तिनं मला फोन केला न्हाई. मी चारदा केला, चारदा सूनच बोलली. पुढच्या महिन्यात येऊ म्हणालेला लेक पुढच्या महिन्यात दिल्लीला होता, त्याच्या पुढच्या महिन्यात आणखी कुठं. कार्ड मात्र सोनेरीच राहिलं.

काल बहिणीच्या सुनेचा फोन आल्यावर मी आधी लेकालाच कळवलं. त्यानं पाच मिनिटांत तिकीट काढलं. पॉइंटवर, पहिल्या ओळीत, खुर्चीसकट. तो बंगळूरहून थेट हैदराबादला येणार, मला नांदेडहून कुणीतरी बसवून देणार. तासाभरात पोचशील, याडी, गुडघ्याला त्रास न्हाई. फक्त नांदेडचं ते विमान रोज न्हाई, गुरुवारी दुपारी आहे. मी हो म्हणलं. पोरगी दिवाळीच्या सुटीला माझ्याकडंच आहे, ती दारात उभी राहून ऐकत होती. म्हणाली, दादी, हिंगोलीहून आजच संध्याकाळची रेल्वे आहे, मी येते संगं, आपण हळूहळू जाऊ. हळू म्हणल्याबरोबर माझं डोकं फिरलं. हळू जाण्याचं कौतुक तू मला सांगू नको, म्हणलं, ते मी पाहिलंय.

तुमी पण पाहिलंय. याडीला बाळंतपणात रक्त थांबेना, तुमी गाडीला बैल जुंपले आणि हिंगोलीच्या वाटेला लागलात. मी गाडीत तिचं डोकं मांडीवर धरून बसले होते, बारा वर्षांची. तुमी बाजूनं चालत होतात, तेव्हापण चालतच, एक हात गाडीच्या कठड्यावर. बैल त्यांच्या चालीनं चालले होते. तुमी त्यांना मारलं न्हाई, मारून ते पळणारे नव्हते. कयाधू नदीच्या वाळूत चाक रुतलं आणि आपण दोघांनी जोर लावला, आणि मी परत गाडीत चढून तिचं डोकं मांडीवर घेतलं तेव्हा ते जड झालं होतं. तुमी गाडी वळवली न्हाई. तशीच दवाखान्यापर्यंत नेलीत, याडीला डॉक्टरला दाखवलंत, मग परत आणलंत. त्या दिवशी कुणी मला विमान दाखवलं असतं तर मी त्याच्या चाकांवर डोकं ठेवलं असतं, त्याच्या धुरासकट. हे सगळं मी पोरीला ऐकवलं. तिच्या बापालापण कधी ऐकवलं नव्हतं. तिला रडू आलं, मला न्हाई. ती संध्याकाळ तशीच गेली, आणि रेल्वेपण.

आज सकाळी पोरगी चहा घेऊन आली. वाटलं, परत धुराचं सांगणार, मी तयारीत बसले. धुराचं नावपण काढलं न्हाई. माझा हात हातात घेऊन माझ्याच बोटांच्या पेरांवर तास मोजायला लागली. रेल्वे आज संध्याकाळी निघाली की उद्या सकाळी हैदराबाद. विमान तासाभराचं खरं, पण ते उडणार गुरुवारी दुपारी. बोटं संपली, तिनं दुसरा हात घेतला, तोपण संपला. मग म्हणाली, "आता तूच सांग दादी, हळू कोण?"

मी हात सोडवून घेतला. मग लेकाला फोन केला. तो चिडला. जागा कुठली मिळते कुणास ठाऊक, रात्रभर बसून जाशील, संडासला जायचं म्हणजे हाल, तुला काही झालं म्हणजे? त्याचं बराबर आहे, गुडघा मोडला तर तो याच्याच उरावर येणार. शेवटी म्हणाला, हे त्या पोरीनं तुझ्या डोक्यात भरवलंय. मी म्हणलं, पोरीच्या धुराचं मला काही पडलं न्हाई, आज विमान असतं तर आज विमानानं गेले असते आणि ती बसली असती तोंड फुगवून. तू तुझ्या विमानानं ये गुरुवारी. पण या खेपेला बाहेरच्या दारानं बाहेर ये, आणि दोन रात्री मावशीच्या उशाशी बस. कार्ड राहो न्हाईतर जावो. तो बघतो म्हणाला. बघतो म्हणजे काय ते मला माहीत आहे, तरी या वेळी त्याचा आवाज जरा वेगळा होता. मी त्याच्यावर काही ठरवत न्हाई.

पोरगी बाहेर भाकरी बांधून राहिली. जीप पाचला येणार आहे, ओढणी माझ्या पिशवीत वरच ठेवली आहे. हे पत्र टाकायला पेटी न्हाई आणि तुमाला वाचता येत नव्हतं, म्हणून हे पोरीच्या जुन्या वहीतच राहील. ती वाचील कधीतरी. वाचू दे.

एक राहिलं. काल मी विमानाला हो म्हणलं ते गुडघ्यासाठी न्हाई. गुरुवार लांब होता म्हणून. मला तिच्यासमोर जायचं नव्हतं, आणि देवानं मधल्या दिवसांत काही केलं असतं तर माझी सुटका झाली असती, इतकं वाईट माझ्या मनात आलं होतं. त्या दिवशी त्या खोलीत शिऱ्याची वाटी माझ्या हातात होती तेव्हा पिशवीतला फोन तीनदा वाजला. लेक हात धुवायला गेला होता. कुणाचा फोन ते मला न बघता कळलं होतं. मी वाटी खाली ठेवली न्हाई. तिन्ही वेळा वाजून बंद होईस्तोवर खात राहिले, कारण उचलला असता तर ती म्हणाली असती, मी दारातच आहे, ये, आणि मला उठावं लागलं असतं.

माझी गाडी पोचायच्या आधी ती तुमच्याकडं आली, तर पहिलं हेच विचारील, की ताई आत असून बाहेर का आली न्हाई. तुमी मधे बोलायचं न्हाई. पोराचं नाव घ्यायचं न्हाई, कार्डाचं घ्यायचं न्हाई. तिला पाणी द्या आणि बसवून ठेवा. उत्तर मीच द्यायचं.